वरचा आवाज, दारातला शू-रॅक आणि घर विकायचा विचार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तसा आधी मांडतो, म्हणजे काही चुकलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर तुमचा स्वतःचा टू बीएचके आहे. घरात तुम्ही, पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि आई. वरच्या घरात रात्री साडेबारापर्यंत खुर्च्या सरकतात, मुलं धावतात. समोरच्यांचा शू-रॅक आणि कचऱ्याची पिशवी पॅसेजमध्ये असते. अधूनमधून तुमच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी उभी सापडते. दुसऱ्या विंगची पार्सलं घेऊन येणारी मुलं तुमची बेल वाजवतात, आणि नेमकी मुलगी झोपली की वाजवतात. पत्नी म्हणतात, विकून टाकू आणि ऐरोलीला जाऊ, तुमचं ऑफिस तिथेच आहे. आई म्हणतात, तुम्ही जा, मी इथेच राहते. आणि तुम्ही विचारताय, विकावं का?

मी बऱ्याच वर्षांपासून ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांचं व्यवस्थापन बघतो. मेंटेनन्सची बिलं, पंप, लिफ्टचं एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, ऑडिट हे कामाचं सांगायचं स्वरूप. प्रत्यक्षात निम्मा दिवस अशाच तक्रारी ऐकण्यात जातो. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो: आत्ता विकू नका. घर सोडू नका असं मात्र मी म्हणत नाही.

माझ्याकडे कुणी असं वैतागून आलं की मी एकच विचारतो. समजा उद्या वरचं बिऱ्हाड गेलं आणि त्या जागी निवृत्त जोडपं आलं, रात्री नऊला दिवे बंद करणारं. तुम्ही इथे आनंदाने राहाल का? उत्तर ‘हो’ असेल तर प्रश्न शेजाऱ्याचा आहे, आणि शेजाऱ्याच्या प्रश्नावर घर विकणं हा सगळ्यात महाग उपाय आहे. उत्तर ‘नाही, तरीही...’ असं सुरू झालं, तर त्या ‘तरीही’च्या पुढे जे येईल ते जाण्याचं खरं कारण. तुमच्या लिहिण्यात खुर्च्यांचा उल्लेख एकदा आहे. घोडबंदरच्या ट्रॅफिकचा तीनदा आहे: सकाळी माजिवड्याला अडकणं, संध्याकाळी मानपाड्यापासून पुढे रांगणं, आणि मुलीला झोपण्याआधी भेटता न येणं. रात्री नऊला असा माणूस घरी येतो तेव्हा वरची खुर्ची त्याच्या डोक्यातच सरकते. तुमचा त्रास खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. फक्त दोन वेगळे त्रास एकाच गाठोड्यात बांधले गेलेत, ते सोडवून बघू.

आधी वरचा आवाज घेऊ, कारण इथे गैरसमज फार. आवाज दोन प्रकारचे. बोलणं, टीव्ही, गाणी हे हवेतून येतात, मुख्यतः खिडकीतून आणि दाराच्या फटीतून. खुर्ची, पावलं, खलबत्ता, पडलेली वाटी हे आघाताचे आवाज थेट स्लॅबमध्ये उतरतात आणि भिंतींतून पसरतात. घोडबंदर पट्ट्यातले बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच. इमारत मजबूत होते, काम लवकर उरकतं, पण आघाताचा आवाज त्यात लांबपर्यंत जातो, आणि वर गुळगुळीत टाइल्स असल्याने तो दबायला काही नसतं. म्हणूनच आवाज नेमका डोक्यावरच्याच घरातून येतो असंही नाही. तिरक्या घरातून, कधी दोन मजले वरूनही येतो. गोट्या घरंगळल्यासारखा आवाज आला की लोक वरच्या मुलांना दोष देतात. अनेकदा तो पाइपलाइनमधला असतो, पंप बंद होताना किंवा नळ पटकन बंद केल्यावर पाण्याच्या दाबाने येणारा. नेरुळच्या एका सोसायटीत दोन घरांचं बोलणं या गोट्यांवरून बंद झालं होतं. वरच्यांच्या घरात लहान मूलच नव्हतं.

म्हणून आधी आवाजाचं मूळ शोधा. तक्रार नंतर. माझी पद्धत साधी आहे. दोन्ही घरांच्या सोयीच्या वेळी एक जण खाली थांबतो, एक वर जातो आणि फोन चालू ठेवतो. मानपाड्याच्या एका इमारतीत मी असाच तक्रारदाराला घेऊन वर गेलो होतो. वरच्या आजींनी डायनिंगची खुर्ची नेहमीसारखी मागे ओढली आणि खालून फोनवर बाई म्हणाल्या, “हाच! हाच तो!” आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. खुर्ची उलटी करून पाहिली तर चारपैकी तीन पायांची रबराची बुचं झिजून गेली होती आणि आतला लोखंडी पाइप थेट टाइलवर घासत होता. टाइलवर त्याच्या चंदेरी रेघाही उमटल्या होत्या. नवी बुचं आणि त्याखाली चिकटवायचे फेल्टचे तुकडे, दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, खर्च काहीशे रुपये. पैसे खालच्यांनीच दिले, हे मला आवडलं. कुणी दिले यावर तिथे नवीन भांडण झालं असतं.

तुम्हीही बुचांचं पाकीट घेऊन वर जा. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, दोघं मिळून, मुलीलाही न्या. रात्री साडेबाराला, आवाज चालू असताना जाऊ नका. त्या वेळी कुणीही दार उघडलं तरी कान उघडे ठेवून उघडत नाही. आणि ‘तुमची मुलं’ असं वाक्य सुरू करू नका. ‘आपल्या बिल्डिंगचा स्लॅब फार आवाज खाली पाठवतो हो’ असं सुरू करा. हे खरंही आहे आणि त्यात कुणाचा दोषही निघत नाही. मुलं धावतात त्या हॉलमध्ये जाड चटई टाकता येईल का, आणि साडेदहानंतर खेळ आतल्या खोलीत नेता येईल का, एवढंच मागा. पूर्ण शांतता मागितलीत तर काहीच मिळणार नाही. पाच वर्षांची मुलगी तुमच्याही घरी आहे, आणि तुमच्या खालीही कुणीतरी राहतं.

आवाज येऊ नये म्हणून आपल्याच घरात फॉल्स सीलिंग करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय असं लिहिलंत. नुसत्या जिप्समच्या सीलिंगने आघाताचा आवाज फारसा थांबत नाही, कारण तो भिंतींतूनही येतोच. ते पैसे वाचवा.

कायद्याचं विचारलंत म्हणून सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. गच्चीवरच्या पार्टीला, समोरच्या लॉनवरच्या डीजेला हे नियम नीट लागू पडतात, ११२ ला फोन करा. सरकणाऱ्या खुर्चीला मात्र ते लागू करायला जाऊ नका. पोलीस येतील, समज देतील, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवतील, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तुम्ही दोघं समोरासमोर याल. बोलून काहीच झालं नाही तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, कमिटीने पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय घेऊन १५ दिवसांत तुम्हाला कळवायचा असतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेली तक्रार अर्जात मोजली जात नाही. शिवाय तिथे बाजू घेणारे इतके निघतात की मूळ विषय दोन दिवसांत हरवतो.

अजून एक. वरचे लोक भाडेकरू असावेत असं तुम्ही म्हणता. सोसायटीच्या ऑफिसमध्ये विचारा. लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत तिथे असते आणि आपल्याकडे करार बहुधा अकरा महिन्यांचा. तो जूनमध्ये संपणार असेल आणि तुम्ही मार्चमध्ये घर विकायला काढलंत, तर याला काय म्हणायचं?

शू-रॅकचं प्रकरण त्यामानाने सोपं आहे, फक्त ते समोरच्यांवर रोखू नका. पॅसेज ही सामाईक जागा आहे आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार उंच इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावं लागतं. सेक्रेटरींना सांगा की त्याच्या आधी सगळ्या मजल्यांना एकच परिपत्रक काढा: रॅक, कुंड्या, सायकली, जुने कपाट, सगळं आत. ठराविक तारखेला सिक्युरिटी आणि कमिटीचा एक सदस्य मजल्यामजल्यावर फेरी मारेल. फेरी नवव्या मजल्यावर सुरू करू नका असंही सांगा. तळापासून करा, म्हणजे तुमचं नाव निघणार नाही. कचऱ्याची पिशवी मात्र रात्री बाहेर ठेवायची पद्धत बऱ्याच इमारतींत सकाळच्या गाडीमुळे पडलेली असते. झाकणाचा डबा वापरा एवढं म्हटलं तरी बहुतेक घरं ऐकतात.

पार्किंगबद्दल एक प्रश्न: अलॉटमेंट लेटर आहे ना तुमच्याकडे? ‘बिल्डरने दिलंय’ असं सांगणारे अर्धे लोक कागद मागितला की गप्प होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय की स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली) किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही. त्यानंतर रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याखालच्या प्रकल्पांत करारातच कव्हर्ड पार्किंगचा उल्लेख येतो, म्हणून तुमचा करार काढून बघा. कागद असेल तर सोसायटीचे स्टिकर, गेटवर पाहुण्यांच्या गाडीची नोंद आणि त्यावर फोन नंबर एवढ्यानेच बरंच थांबतं. अनोळखी गाडीची हवा सोडणं, खुन्नस म्हणून मागे गाडी लावून अडवणं हे करू नका. तक्रारदार असलेला माणूस तिथेच आरोपी होतो, असं मी पाहिलंय. पार्सलवाल्यांसाठी दारावर फ्लॅट नंबरसोबत विंगचं अक्षर मोठं लावा आणि बेलला बंद करायचं बटण बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम.

आता ऐरोली. हा मुद्दा मी वेगळा ठेवला, कारण इथे तुमच्या पत्नीचं म्हणणं मला बरंचसं पटतं, फक्त त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. तिथे शेजारी चांगले मिळतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण कासारवडवलीहून माजिवडा, मग कळवा-विटावा किंवा मुलुंड-ऐरोली पूल, हा रोजचा प्रवास वाचेल हे नक्की. ठाणे स्टेशनच्या जवळ घर घेतलंत तरी ट्रान्स-हार्बरने ठाणे, दिघा गाव आणि मग ऐरोलीच. म्हणजे नौपाडा किंवा पाचपाखाडी हाही पर्याय आहे, आणि आईंचं ठाणं सुटत नाही. तिथल्या जुन्या इमारतींना मात्र लिफ्ट असेलच असं नाही, पार्किंग रस्त्यावर, आणि इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा सामान बांधताय. हे सगळं तुमच्या कुटुंबाच्या गणितावर अवलंबून आहे. ऑफिस तिथेच राहणार का, मुलीची पहिली कोणत्या शाळेत, आईंचे डॉक्टर कुठले, हे मला माहीत नाही, आणि माझ्या मताला त्यामुळे मर्यादा आहे.

खर्चाचं मात्र सांगू शकतो, कारण लोक इथे दोन घरांच्या किमतींतला फरक तेवढा धरतात. समजा एक कोटीचं घर घेताय. ठाण्यात स्टॅम्प ड्यूटी मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ७ लाख. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणी शुल्क ३० हजार. जुनं विकताना आणि नवं घेताना, दोन्हीकडे दलाली. सोसायटीचं हस्तांतर शुल्क महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. ‘डेव्हलपमेंट फंड’ म्हणून त्यापेक्षा जास्त मागत असतील तर पावती कशाची देणार ते विचारा. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या लीजवर असेल तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतराचा खर्च वेगळा, तो कोण भरणार हे टोकन देण्याआधी लिहून घ्या. मग किचन ट्रॉल्या, ग्रिल, एसी काढून बसवणं. यातला एक रुपयाही घराच्या भिंतीत दिसत नाही. वरच्या खुर्चीपासून सुटका म्हणून एवढी रक्कम मोजायची का, हा हिशोब एकदा कागदावर मांडा.

म्हणून माझा सल्ला मधला आहे. आपला फ्लॅट अकरा महिने भाड्याने द्या आणि ऐरोलीत भाड्याने राहून बघा. दोन्ही करार नोंदणीकृत करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमच्या फ्लॅटच्या बाबतीत तुमचीच. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी तुम्हाला बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्सचं बिल नाही. बिलातला मालमत्ता कर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम), रिपेअर फंड त्यात धरत नाहीत. पुष्कळ सोसायट्या अख्ख्या बिलावर १० टक्के काढतात, तेव्हा तपासा. ऐरोलीतल्या करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. तुम्ही बघायलाच चाललाय.

बघायला जाल तेव्हा दलाल म्हणेल त्या वेळी जाऊ नका. शनिवारी रात्री साडेदहाला जा आणि इमारतीखाली अर्धा तास उभे राहा. जवळ हॉल आहे का, रस्त्यावर टपरी आहे का, गाड्या कुठे लावतात, सगळं कळतं. एकदा पहाटे पाचलाही जा, पंप चालू होतो तेव्हा तो कोणत्या फ्लॅटच्या खाली आहे ते ऐकू येतं. सिडकोच्या जुन्या सेक्टरांत रो-हाउसच्या भिंती जोडलेल्या आणि गल्ल्या अरुंद, तिथे शेजाऱ्याची मिक्सरची वेळही तुम्हाला पाठ होईल. कोपरखैरणे, तुर्भे या एमआयडीसीला लागून असलेल्या भागांत रात्री वाऱ्याबरोबर केमिकलचा वास येतो का ते तिथल्या इस्त्रीवाल्याला विचारा, मालकाला नको. स्वस्त पडतं म्हणून उलव्याकडे बघत असाल तर विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालंय हे लक्षात घेऊन विमानांचा मार्ग कुठून जातो ते उभं राहून बघा. आणि शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर पुढची काही वर्षं तिथे पायलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालण्याचं काम, चालणार असं धरूनच चाला. ‘वर कुणीच नको’ म्हणून सगळ्यात वरचा मजला घेण्याचा मोह होईल. तिथे वर माणसं नसतात हे खरं, पण गच्चीची गळती आणि उन्हाळ्यातला स्लॅब असतो.

एक गोष्ट वेगळी काढतो. हे सगळं म्हणजे साध्या कटकटीबद्दल. वरचे किंवा समोरचे लोक धमक्या देत असतील, घरातल्या बायकांचा पाठलाग, शिवीगाळ, मारहाण असं काही असेल, किंवा आईंना दमा असून शेजारच्या धुराने श्वास लागत असेल, तर अकरा महिन्यांचे प्रयोग करत बसू नका. पोलिसांत लेखी द्या आणि लवकरात लवकर बाहेर पडा, घराचं नंतर ठरवता येतं. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही, पण लोक अशा गोष्टी लाजेने लिहीत नाहीत म्हणून विचारून ठेवतो.

राहिल्या आई. त्या इथे एकट्या राहतील हा पर्याय मी धरतच नाही, आणि मला वाटतं त्याही धरत नसाव्यात. त्यांना जायचं नाही, याचा अर्थ बहुधा खालच्या कट्ट्यावरची माणसं सोडायची नाहीत. ऐरोलीचं घर त्यांना पहिल्यांदा दाखवाल तेव्हा संध्याकाळी सहाला न्या, त्या वयाच्या बायका खाली येतात त्या वेळी. बसायला बाक आहेत का, देऊळ आणि बाग चालत किती लांब, रस्ता ओलांडावा लागतो का, हे त्यांना स्वतःला बघू द्या. लिफ्टला बॅकअप आहे का ते तुम्ही विचारून घ्या.